तळाशी राखलेलं तेल

मी तळणीच्या तेलाचा डबा बोलतोय. सोलापुरात, काशम्मांच्या गॅसशेजारी माझा मुक्काम. अंग स्टीलचं, तोंडावर बारीक जाळी. नवा होतो तेव्हा काशम्मा माझ्यात बघून कपाळावरची विभूती सारखी करायच्या.

भजी, पापड, सणाचे पुरणाचे कडबू तळून झाले की तेल निवू द्यायचं आणि जाळीतून माझ्या पोटात गाळायचं, हा त्यांचा नेम. इथवर सगळं बरोबर. पण भरता डबा कधी पुरता रिकामा करायचा नाही, घराची बरकत जाते, असं त्यांच्या आईनं शिकवलेलं. म्हणून तळाशी वाटीभर तेल राखून त्यावरच पुढचं ओतायचं. नऊ वर्षं! माझा तळ कुणी पाहिलाच नाही. वर सोनेरी दिसे, खाली काळं, खवट, आणि ते नव्यालाही नासवत होतं. मला चैन पडत नसे. सांगणार कसं?

यंदा त्यांचा मुलगा प्रभुलिंग छातीत दुखून दवाखान्यात जाऊन आला. तेच तेच तेल पुन्हा तापवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी आठवड्यात काशम्मांनी लेकाच्या आवडीची भजी करायला घेतली. माझं तेल कढईत पडलं. तापताच फेस चढला, धूर झाला. माझा जीव नुसता कासावीस.

सून शिवानी धावत आली. "आत्या, गॅस बंद करा! हे तेल टाकून द्यायचं."

"गाळलंय की गं. स्वच्छ हाय."

"गाळून कण जातात, खवटपणा नाही जात. डबाच रिकामा करते."

"ब्याड, ब्याड! नगं म्हंते न्हवं! डबा रिता न्हाय करायचा. घराचं वाईट व्हायला पायजे का तुला?"

"झालं की वाईट, आत्या. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

काशम्मांनी गॅस बंद केला. दाराशी प्रभुलिंग छातीवर हात ठेवून उभा होता. काशम्मांनी मला स्वतः उचललं, सगळं तेल टाकून द्यायला एका बाटलीत ओतलं आणि तळाचा काळा गाळ चमच्यानं खरवडला.

आता घासूनपुसून मी गच्चीवर उन्हात आहे. बायांनो, तेल गाळा, दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरा, पण जुन्यावर नवं ओतू नका. काळं पडलं, फेसाळलं, वास आला, तर जीव अडकवू नका त्यात.

काशम्मांना मात्र अजून धीर नाही. घडीघडी वर येतात, माझ्या रिकाम्या पोटात डोकावतात आणि जिन्यावरून हाक मारतात, "परभू, बरा हायस न्हवं?"

"व्हय अव्वा," असं खालून ऐकू आलं की मला तसाच रिकामा ठेवून उतरतात.