न आलेली डबल बेल

"घंटी आली नाही, तर ड्रायव्हर गाडी हलवत नाही, पोरी. आधी मागे वळून बघतो."

मला या स्वयंपाकघरात बसवलं, त्या दिवशी कंडक्टरकाका स्टुलावरून उतरता उतरता हे बोलले होते. ऐकणारी होती छोटीची आई. तिच्या कडेवर छोटी, गॅसवर दूध आणि जीव दोन्हीकडे. ती हसली. म्हणाली, "काका, तुम्ही आणि घंटी द्यायला विसराल? उलट आम्हालाच कानात बोळे घालून बसावं लागणार आहे." काकाही हसले. दूध वर आलं, ती तिकडे धावली आणि विषय तिथेच राहिला.

मित्रांनो, तो विषय तिथे राहायला नको होता. आज मी तो पुन्हा काढते आहे, कारण दुसरं कोणी काढत नाही.

मी एका भंगारात गेलेल्या बसची पितळी घंटी. तापलेल्या भट्टीत वितळले, साच्यात ओतले गेले, कानशीने घासून गुळगुळीत झाले आणि एका लाल बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर येऊन बसले. माझ्या जिभेला बांधलेली दोरी छताखालून थेट मागच्या दारापर्यंत जायची. दोरी एकदा ओढली की थांबा. दोनदा ओढली की चला. एवढीच माझी भाषा, पण तिच्यावर गाडीभर माणसांचा जीव असायचा. पायरीवर एक पाय आणि रस्त्यावर एक पाय अशा अवस्थेतल्या म्हातारीला विचारा, डबल बेल घाईने दिली तर काय होतं.

काकांनी ती कधीच घाईने दिली नाही. "आत जागा आहे, पुढे सरका," असं ते दिवसभर ओरडायचे आणि शेवटचं माणूस आत आल्याशिवाय दोरीला हात लावायचे नाहीत. ड्रायव्हर वैतागायचा. म्हणायचा, "तुझ्या पाहुण्यांचं आटोपलं का?" तरी घंटी येईपर्यंत तो गाडी हलवायचा नाही. एखाद्या थांब्यावर घंटी आलीच नाही, तर मान वळवून मागे बघायचा. गर्दीत कंडक्टर चेंगरला असेल, दारात कोणी पडलं असेल. काहीतरी असतंच.

गाडी म्हातारी झाली आणि आमची रवानगी भंगारात झाली. तेव्हा काकांनी डेपोत जाऊन मला मागून घेतलं. रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि खिळ्यांच्या डब्यात ठेवलं. तिथे मी बरीच वर्षं अंधारात पडून होते. तो काळ सांगण्यासारखा नाही. गंजक्या खिळ्यांशी काय गप्पा मारणार?

पुढे काका निवृत्त झाले, काकू गेल्या आणि या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत काका एकटे राहायला आले. एकट्या माणसाच्या हातांना काहीतरी लागतंच. त्यांना घरच्या घरी वस्तू बनवण्याचा नाद लागला. सगळ्याच धड व्हायच्या असं नाही. त्यांचा पंखा लाथ मारल्याशिवाय फिरत नसे. रिकाम्या बाटल्यांपासून त्यांनी झाडांना आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं, त्याने झाडं सोडून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींना पाणी घातलं. पण छोटीला चालायला शिकवणारी गाडी त्यांनीच केली, बसच्या सीटच्या नळीची. "दुकानात तयार मिळते की," छोटीचे बाबा म्हणाले होते. काका म्हणाले, "मिळते. पण दुकानातल्या गाडीला कंडक्टर नसतो." आणि तिच्यामागून वाकून चालत राहिले, "पुढे सरका, पुढे सरका" करत. छोटीने पहिली चार पावलं टाकली ती त्या हाकेवर.

मग एक दिवस त्यांनी मला डब्यातून काढलं, चिंच लावून घासलं, एका जुन्या दारघंटीतलं तारेचं वेटोळं माझ्या पाठीशी जोडलं आणि इथे खिडकीशेजारी ठोकलं. वरून वायर सोडली, गच्चीच्या कठड्यावरून, भिंतीवरून, खिडकीच्या गजांतून माझ्यापर्यंत. वर त्यांच्याकडे एक बटण आणि इथे आईकडे एक बटण. तिने दाबलं की वर बझर वाजायचा. त्याचा आवाज म्हणे चिडलेल्या माशीसारखा होता. कामाला लागणारी वीज वरच्या बॅटरीतून यायची.

भाषा बसचीच ठेवली. रोज सकाळी उठले की काका डबल बेल द्यायचे. उठलो, ठीक आहे, चला. आई उलट दोनदा बटण दाबायची. एकच बेल आली, तर थांबा. हातातलं काम थांबवा आणि वर या.

एकच बेल एकदा आली होती. आई छोटीला काखोटीला मारून जिन्याने धावत गेली, गॅस तसाच टाकून. काका स्टुलावरून पडले होते, एक हात पलंगाखाली अडकला होता आणि दुसरा कसाबसा बटणापर्यंत पोचला होता. तिला दारात बघून म्हणाले, "बघ, गाडी बरोबर थांब्यावर थांबली." ती परत आली तेव्हा दुधाचा कोळसा झाला होता आणि ती त्या भांड्याकडे बघत रडत होती आणि हसतही होती. मला माझ्या आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. बसमध्ये कोणी घंटीचे आभार मानत नाही. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

संध्याकाळी काका खाली चहाला यायचे. मग बाबांचं आणि त्यांचं राजकारण सुरू व्हायचं. बाबा फोनवर वाचलेलं सांगायचे, काका बसमध्ये पाहिलेलं. निवडणूक जवळ आली की आवाज चढायचे. काकांचं मत ठरलेलं होतं. कंडक्टरने तिकीट बघावं, तोंड बघू नये, एवढं ज्या सरकारला जमेल ते चांगलं. बाबा म्हणायचे, देश चालवणं म्हणजे बस चालवणं नव्हे. काका म्हणायचे, खरंय, बसला निदान ब्रेक असतो. आई दोघांच्या मध्ये बिस्किटांची ताटली सरकवायची. भांडण ताटलीपाशी संपायचं.

पण यावेळी भांडण इमारतीत आलं. कमिटीने ठरवलं की लिफ्टला कार्ड बसवायचं आणि कार्ड फक्त मालकांना द्यायचं. गच्चीवरच्या खोल्यांत काका राहतात, घरकाम करणाऱ्या मावशी राहतात आणि वॉचमन राहतो. त्यांनी जिना वापरायचा. इमारतीला रंग लागत होता, सगळं नवंकोरं होणार होतं, त्यात हेही. सुटीच्या दिवशी दुपारी खाली बैठक भरली. आमच्या घराला कुलूप लावून तिघंही गेली.

आणि त्याच दुपारी, मित्रांनो, रंगारी आमच्या खिडकीपाशी आला.

तो दोराच्या पाळण्यात बसून वरून खाली येत होता. मी त्याला दोष देत नाही. लोंबणारं सगळं काढून टाक, असं त्याला कमिटीने सांगितलं होतं. त्याने खिशातली पक्कड काढली, खिडकीच्या वरच्या अंगाला माझी वायर कापली आणि वरचं टोक ओढून घेतलं. खालचा तुकडा गजांना गुंडाळलेला होता, तो सुटेना. मग त्याने त्याच्यावरूनच ब्रश फिरवला. भिंत पिवळसर, वायर पिवळसर. बघणाऱ्याला वाटावं, सगळं जागच्या जागी आहे. माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. ओरडायला मला वीज लागते, आणि तीच गेली होती.

संध्याकाळी काका आले. ते नेहमी आल्या आल्या माझ्याकडे आणि वायरकडे एक नजर टाकायचे. त्या दिवशी त्यांनी टाकली नाही. ते बैठकीतून थेट आले होते.

बाबांनी समजूत काढायला सुरुवात केली. नियम काही तुमच्याविरुद्ध नाही, काका, एकदा मोकळीक दिली की कोणीही लिफ्टने ये-जा करतं. तुम्ही प्रत्येक गोष्टीत राजकारण आणता.

"मी नाही आणत," काका म्हणाले. "ते लिफ्टने वर येतं, मी जिन्याने येतो. गाठ पडतेच."

त्यावर कोणी हसलं नाही. मग ते आईकडे वळले.

"यानं हात वर केला, ते मला समजलं. त्याचं मत आहे. तू का गप्प बसलीस?"

"छोटी झोपली होती मांडीवर."

"तोंड जागं होतं ना."

आईचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, मला इथेच राहायचंय. हिला इथेच खेळवायचंय. सगळ्यांशी वाकडं घेऊन मला कसं चालेल? तुमचं काय, तुम्ही एकटे आहात."

शेवटचं वाक्य तिला म्हणायचं नव्हतं. ते मला कळलं, कारण बोलून झाल्यावर तिने ओठ दाताखाली धरला. काकांनी अर्धा चहा ठेवला, उठले, आणि जिना चढून गेले. मधल्या प्रत्येक मजल्यावर ते दम खायला थांबतात. दाराशी उभी राहून ती त्यांचं थांबणं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबल बेल आली नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. स्वतःच दोनदा बटण दाबलं. उत्तर आलं नाही. ती म्हणाली, "रागावलेत." बाबा म्हणाले, "रागावू दे, उतरेल." आणि वर काय झालं असेल, ते मला दिसत नाही, पण काकांना मी ओळखते. त्यांनीही दाबलं असेल. दोनदा. मग कान लावून बसले असतील. खालून काही आलं नसेल आणि तेही म्हणाले असतील, रागावली पोर.

दोघं रोज एकमेकांना साद घालत होती आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याने अबोला धरलाय. मध्ये मी. सगळं ठाऊक असलेली आणि मुकी.

आई वर गेली नाही. एकदा निघाली होती, हातात झाकलेली वाटी घेऊन. बाबा म्हणाले, "तू गेलीस तर त्यांना वाटेल, चूक आपली होती." ती म्हणाली, "नव्हती का?" बाबांनी फोनमध्ये डोकं घातलं. तिने वाटी ओट्यावर ठेवली आणि दिवसभर ती तिथेच राहिली. फोन केला तर तो बंद. पण काकांचा फोन त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला, तो नेहमीच मधूनमधून बंद असायचा.

तिला धीर होता तो ठोकाठोकीचा. गच्चीवरून हातोडीचा आवाज यायचा आणि ती मान हलवायची, म्हणजे ठीक आहेत. मावशी लेकीकडे बाळंतपणाला निघाल्या होत्या, जाताना दारात सांगून गेल्या की काका जिन्यासाठी घडीच्या सीटा बनवताहेत. कंडक्टरची असायची तशी, भिंतीला टेकलेली, हवी तेव्हा पाडायची. प्रत्येक मजल्यावर एक. लिफ्ट नाही तर नाही, चढणाऱ्याला टेकायला तरी मिळेल. आई ऐकत होती आणि तिचे डोळे भरले होते.

पहिली सीट काकांनी आमच्याच मजल्यावर बसवली. ती बसली तशी कमिटीने काढायला लावली. नव्या रंगाला भोकं पडतात, आणि जिन्यात काही ठेवायचं नाही. वॉचमन तर काकांचा वरचाच शेजारी, पण त्यालाच हुकूम झाला. त्याने मान खाली घालून ती उखडली आणि भिंतीला टेकवली. काका आले, सीट उचलली, खांद्यावर घेतली आणि वर नेली. आईने दाराच्या फटीतून पाहिलं. दार उघडायला हात पुढे केला होता तिने. उघडेपर्यंत ते वळणावरून दिसेनासे झाले.

त्यानंतर ठोकाठोकी ऐकू आली नाही. काकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून वॉचमनही खाली फाटकापाशीच झोपतो.

काल आली नाही. आज आली नाही. आज सकाळपासून खिडकीबाहेर पाण्याची धार पडते आहे, वरून, न थांबता. नव्या रंगावर ओघळ उठलेत. बाबा कामावर जाताना म्हणाले, "नळ उघडा टाकला वाटतं, कमिटीला कळवतो." छोटी तिच्या चालायच्या गाडीला धरून माझ्याखाली उभी आहे आणि बोट वर करून म्हणते आहे, "टिंग टिंग. टिंग टिंग." तिला सवय आहे. तिची सकाळ अजून सुरूच झालेली नाही.

आईने आत्ताच बटण दाबलं. दोनदा नाही, एकदा. थांबा. मग हात तसाच ठेवून ती धारेकडे बघते आहे. शेगडीवर काहीतरी आहे, छोटीला भरवायचं आहे, आणि मनात तेच असणार, की आपणहून गेलो तर ते काय म्हणतील, दार तरी उघडतील का. अगं, वायरकडे बघ. रंग खरवडून बघ. घंटी आली नाही, मागे वळून बघ. मी हे ओरडते आहे आणि माझ्यातून एक कणही आवाज निघत नाही.

म्हणून मित्रांनो, मी तुम्हाला सांगते आहे. तुम्हाला पाय आहेत आणि तुमची वायर कोणी कापलेली नाही. तुमच्या ओळखीतही असं कोणीतरी असेल, ज्याचा रोजचा खोकला, रेडिओ, चपलांचा आवाज, वेळीअवेळीची हातोडी अलीकडे ऐकू आली नसेल. तुम्ही समजला असाल की ते रुसलेत. त्यांचं मत वेगळं होतं, शब्दाला शब्द वाढला, आता त्यांनीच यावं. असेल तसंही. पण वर जाऊन बघा. हातातलं ठेवा आणि आत्ता जा. जिन्याने जा, म्हणजे तो किती उंच आहे ते कळेल. दार वाजवा. उघडलं नाही तर पुन्हा वाजवा, लोकांना हाका मारा.

आणि दार उघडून आतून कोणी तुमच्यावर खेकसलं, "आता आठवण झाली होय?" तर तिथे उभं राहून ऐकून घ्या. तीच डबल बेल समजा.