सतराव्याची वाट

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. माझ्याकडे पुस्तक मागू नका, मिळायचं नाही. मी संगणकाच्या आज्ञांची लायब्ररी. एकच मोठं गणित चौसष्ट प्रोसेसरांत वाटून द्यायचं आणि शेवटी सगळ्यांना गोळा करून आवराआवर करायची, हे माझं काम. चौसष्टच्या चौसष्ट जमल्याशिवाय मी दार लावत नाही, आणि उत्तरही तेव्हाच बाहेर पडतं.

मला एका संशोधक बाईंनी मोठ्या हौसेनं लिहिलं. एकोणीस वर्षं मी राबले. 'ही कधी अडत नाही हो,' असं माझं कौतुकही झालं. मग नवी यंत्रं आली. त्यांच्यावर मी चालत नाही. माझं यंत्र शुक्रवारी दुपारी मोडीत काढायचं ठरलं.

शेवटचं गणित एका डोंगराचं होतं. पायथ्याच्या वस्तीत बाईंचा धाकटा भाऊ राहतो. दरड कोसळली तर कुठवर येईल, एवढा आकडा हाती आला की वस्ती हलवायला सरकारी कचेरी तयार होती.

घाईत बाईंनी त्या गणितात एक ओळ घातली: फाईल सापडली नाही, तर काम सोडून दे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "अहो, तिथेही आवरायची आज्ञा द्या ना, म्हणजे जाणारा सांगून जाईल."

"तेवढ्यानं काय होतंय?" बाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सतराव्या प्रोसेसरला त्याची फाईल सापडली नाही. तो मुकाट्यानं निघून गेला. बुधवारी उरलेले त्रेसष्ट काम संपवून दाराशी आले आणि त्याची वाट बघत बसले. आमच्यात वाट बघणंही कामातच धरतात, त्यामुळे पडद्यावर सगळं जोरात चाललेलं दिसत होतं. बाई येऊन बघायच्या आणि खुशीत चहा प्यायच्या. ओरडून सांगावंसं वाटे; पण मला तोंड कुठलं?

आज शुक्रवार. सहकाऱ्यानं चौसष्टांच्या हजेरीची यादी तपासली, सतरावा सोमवारीच गेलेला दिसला, आणि त्यानं कपाळाला हात लावला. पुन्हा सुरुवात करायची तर तीन दिवस हवेत, आणि यंत्र बंद करायला वायरमन तर दारात उभा. बाईंनी भावाला फोन लावला.

"आकडा आलाच नाही रे. माझ्याच हातून घोळ झाला. तू तरी निघ तिथून."

"एकटाच कसा निघू, ताई? आणि आकड्याशिवाय बाकीच्यांना काय सांगू?"

मला बाईंचा राग येत नाही, नुसतं वाईट वाटतं.

मित्रांनो, काम मध्येच सोडणाऱ्याला निदान 'मी चाललो' एवढं सांगून जायला शिकवा. मला हे कळून आता उपयोग नाही. वायरमनचा हात बटणाकडे चाललाय. त्रेसष्ट जण दाराशी ताटकळत आहेत, आणि मी अजून सतराव्याची वाट बघतेय.