गच्चीवरचा बाकला

इन्शिराह वाटाणे तोडायला गच्चीवर गेली आणि तिसऱ्या डब्यापाशी थबकली. वेलांच्या गर्दीत एक झाड ताठ उभं होतं. देठ चौकोनी, पांढऱ्या फुलांवर काळे डाग. बाकला! आणि खाली सोललेली ताजी शेंग पडलेली, आतून कापसासारखी मऊ. वाटाण्याची शेंग अशी नसते.

सगळं दमनहूर शहर सकाळी ज्या बाकल्याची उसळ करून तिच्यावर ताव मारतं, तो या घरात दोन वर्षं शिजला नव्हता. तिच्या मुलीच्या, जनाच्या रक्ताला तो विष होता. एका लग्नात दोन घास पोटात गेले, तर पोरीची लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. रक्त चढवलं तेव्हा कुठे जीव वाचला. आता चार वर्षांच्या त्या पोरीला हिरव्या शेंगा तोडून खायची हौस. म्हणून इन्शिराहने मसालेवाल्याकडचे वाळके वाटाणे भिजवून तुपाच्या रिकाम्या डब्यांत लावले होते. मेल्याचं माप एकच, या पोत्यातून त्या पोत्यात फिरणारं. त्यातून बारका, गोल बाकल्याचा दाणा आला असणार. पण दाणे निवडले होते तिनेच, आणि हे तिला सहन होईना.

ती सोललेली शेंग उचलून धावत खाली आली.

"जना, वरची शेंग खाल्लीस?"

"हो."

"ही? अशी?"

"ही पण. ती पण."

जनाला हिरवं ते सगळं वाटाणेच.

"काही होत नाही गं तिला," लसूण सोलत सासू वगीदा म्हणाली. "डॉक्टरांना काय, बायकांना घाबरवायचं तेवढं ठाऊक."

"तुम्ही बोलूच नका आई! सुई टोचताना तिचे पाय मी धरले होते."

वगीदाने मान खाली घातली.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, दोन दिवस लघवीवर नजर ठेवा, रंग बदलला की तडक घेऊन या. इन्शिराहने झाड उपटून फेकलं आणि पोरीचं पांढरं भांडं हाताशी घेऊन बसली. दर खेपेला ते खिडकीशी नेऊन बघायची. पोरीच्या पापण्या ओढून बघायची. पोर कंटाळून रडायची. तिने अन्नाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही भांड्यात पाण्यासारखं स्वच्छ. आता धोका टळला, डॉक्टर म्हणाले. इन्शिराह भिंतीला टेकून हमसाहमशी रडली.

"शेंग मी खाल्ली," वगीदा म्हणाली. जना तिच्या मांडीवर पेंगत होती. "झाड महिनाभर दिसत होतं मला. रोज उपटायला जायची, पण जिभेने घात केला. पोरीला शिवू दिलं नाही, अल्लाची शपथ."

"मग तेव्हाच का नाही बोललात? दोन दिवस मेले मी इथं!"

"बोलले असते, तर पोर पुन्हा माझ्यापाशी ठेवली असतीस?"

इन्शिराहने जनाला सासूच्या मांडीवरून उचललं आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.