आवाजाचे सुटे भाग

टुक्.

दुपारभर घरात कोणी बोललं नव्हतं. बोललं ते जेवणाच्या टेबलावरचं मशीन.

"बास, एवढंच येतं याला," नवरा म्हणाला. "तिकीट निघालं की टुक्."

मशीन पार्किंगच्या तिकिटांचं, त्याच्या वर्कशॉपमधून मोडीत निघालेलं. तो अशीच मशीनं दुरुस्त करतो. सोमवारी सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. म्हणून नवऱ्याच्या डोक्यात आलेलं: पडद्यावर चित्रं ठेवायची, आई बोट ठेवेल आणि तिचाच आवाज येईल.

पण अशा मशीनच्या सिस्टिममध्ये लागेल तेवढंच ठेवलेलं असतं. आवाजाचा भागच नव्हता. तो घालायला गेला, तर त्याला आणखी एक भाग हवा. तो घातला, तर त्याला तिसरा.

"एकाला जेवायला बोलावलं की सगळं खटलं येतं," सासूबाई आतून म्हणाल्या. आवाज तेव्हाच चिरकलेला.

"आई, जास्त बोलू नकोस."

"आता नाही तर कधी बोलू रे?"

तो खाली मान घालून कळा दाबत राहिला.

रविवारी संध्याकाळी चित्रं बसली, आवाजही आला. मशीन त्याच्याच आवाजात "हॅलो, हॅलो" म्हणालं, आणि आमच्या लहानग्या लेकीने उड्या मारल्या. मग त्याने मशीनच्या सिस्टिममधलं कुलूप लावलं. ही मशीनं रस्त्यावर उभी असतात, लोक वाट्टेल ते दाबतात. म्हणून कुलूप लावलेलं मशीन बंद करून चालू केलं, की मधलं सगळं विसरून पुन्हा कुलूप लावताना होतं तसं उठतं. नवे भाग घालायला त्याने ते उघडलं होतं. भाग बसले, तसा हात आपोआप तिकडे गेला. कुलूप न लावता मशीन हातावेगळं करणाऱ्यांना तोच वर्कशॉपमध्ये झापतो.

सोमवारी सकाळी बॅग भरून झाल्यावर सासूबाई केस विंचरून एकेका चित्राला आवाज द्यायला मशीनपुढे बसल्या.

"पाणी दे. दुखतंय. झोपू दे मला." मग हसून, "अगं सूनबाई, चहा टाकतेस की ऑपरेशननंतरच मिळणार?"

शेवटी लेकीचा फोटो आला. "ए भिंगरे, इकडे ये गं." दोनदा खोकला आला. तिसऱ्यांदा नीट झालं. निघेपर्यंत लेक तेच बटण दाबत होती आणि दर वेळी धावत आजीकडे जात होती. मग नवऱ्याने मशीन बंद करून पिशवीत ठेवलं.

सासूबाईंना वॉर्डात आणलं, त्या दुपारी आम्ही ते पलंगाशेजारी लावलं. गळ्याला जाड पट्टी, डोळे मात्र आमच्यावर. चित्रं आली. त्यांनी हात लांबवून लेकीच्या फोटोवर बोट ठेवलं.

काही नाही.

नवऱ्याने आवाज वाढवला. पुन्हा बोट. काही नाही. मग त्याने दुसरंच काहीतरी दाबलं आणि मशीन खणखणीत म्हणालं, "हॅलो, हॅलो."

त्याचा चेहरा उतरला. "कुलूप," तो एवढंच म्हणाला.

बाहेर येऊन त्याने फोन काढला. "व्हिडिओ असतील गं. इतके काढलेत." होते की. प्रत्येकात सासूबाई तोंडापुढे हात धरून म्हणत होत्या, "बंद कर ते मेलं." वाढदिवसाला तेच, नव्या घरात तेच. तो हसायला लागला, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आत आलो, तर सासूबाईंना कळलं होतं. त्यांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं, गालावरून हात फिरवला आणि 'राहू दे' असा पंजा हलवला. तो लहान मुलासारखा त्यांच्या चादरीत तोंड खुपसून राहिला.

लेक मशीनपाशी उभी होती. आपल्याच फोटोवर बोट ठेवून, कान पडद्याला लावून. बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळली.

"आई, आजी मला हाक मारत असली आणि मलाच ऐकू येत नसलं, तर?"