चौरस काढून बघ

गोपीनाथरावांनी जन्मभर इंदूरच्या शाळेत गणित शिकवलं, आणि आज त्यांना साधा काटकोन ओळखता येईना. आता काय म्हणायचं याला, सांगा!

झालं असं की संध्याकाळी त्यांची नात अनुश्री लॅपटॉप घेऊन पलंगावर येऊन बसली. अकरावीतली पोर. रेषांचे स्लोप काढायचे आणि कोणत्या रेषा समांतर, कोणत्या लंब ते ग्राफवर दाखवायचं, असा शाळेचा प्रोजेक्ट होता. "आबा, बस एक बार चेक करून द्या ना. बाकी सब मी केलंय."

आबांना बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. गेल्या आठवड्यात ते कुकरची रिंग आणायला कृष्णपुऱ्याला गेले होते, आणि तिथल्या जुन्या राजसमाध्यांच्या छत्र्यांपाशी जे थबकले ते उभेच राहिले. घरी जायला कुठल्या बाजूला वळायचं तेच आठवेना. ज्या गावात केस पांढरे झाले त्या गावात! शेवटी सून शमिका स्कूटीवरून जाऊन त्यांना घेऊन आली. तिनेच उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली होती. कार्ड आबांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, आणि आबांचा एकच हेका होता, मला काही झालेलं नाही, मी येणार नाही.

"दाखव," ते म्हणाले. "या दोन रेषा. हिचा चढ दोन, तिचाही दोन. चढ सारखा म्हणजे समांतर." स्क्रीनवर दोघी अंतर राखून नीट चालल्या होत्या. आबांनी मान डोलावली.

"आता ही तिसरी. चढ उणे एक छेद दोन. दोनाला त्याने गुणलं की उणे एक. गुणाकार उणे एक आला म्हणजे रेषा लंब. हा बघ काटकोन."

आणि बोट ठेवायला गेले तर काटकोन कुठे होता? रेषा एकमेकींना अशा छेदत होत्या, जशी अर्धवट उघडलेली कात्री. आबांनी चष्मा पुसला. पुन्हा चढ काढला. पुन्हा उणे एक. खिशातलं डॉक्टरांचं कार्ड काढून त्याचा कोपरा स्क्रीनला लावला. छे! कोपरा बसेचना.

"आबा, फॉर्म्युला तर सही आहे ना? की प्लस वन असतं?"

एरवी असं कुणी विचारलं असतं तर आबांनी खडू फेकून मारला असता. आज मात्र त्यांना खरंच वाटलं, असेल बुवा प्लस वन. पण मग समांतर कशा बरोबर आल्या? अर्धं डोकं शाबूत आणि अर्धं गेलं, असं असतं का? ते फार घाबरले होते.

शमिका चहा घेऊन आली. सासऱ्यांचा चेहरा पाहून हळूच म्हणाली, "राहू द्या बाबा. मी हिला कोचिंग लावते."

"कोचिंग कशाला? मी मेलोय का?" आबा कडाडले. बिचारीने चहाचा कप पलंगाशी ठेवला.

आबा पुटपुटत राहिले. डोळा एक सांगतो, हिशोब दुसरंच सांगतो. दोघांतला एक लबाड. पण कोणता? मग एकदम म्हणाले, "अनू, चौरस काढ. ज्यात आठवायला काही लागत नाही असं काहीतरी काढ. शून्य शून्य, चार शून्य, चार चार, शून्य चार."

तिने बिंदू टाकले, जोडले. स्क्रीनवर साबणाची वडी उमटली. आडवी, बसकी.

"हा चौरस?"

"पॉइंट तर बरोबर टाकलेत, आबा."

आबा वाकून आकडे बघू लागले. आडव्या अक्षावर एकाचं घर अंगठ्याएवढं रुंद, उभ्यावरचं चेपलेलं. "अगं बाई! या लॅपटॉपने ग्राफ स्क्रीनभर ताणलाय! समांतर रेषा ताणल्या तरी समांतरच राहतात. काटकोन मोडतो. खालून ओढ, ओढ त्याला!"

अनुश्रीने ग्राफची कड खाली ओढली. वडीचा चौरस झाला, कात्री उघडली. आबांनी कार्डाचा कोपरा टेकवला. चपखल बसला.

"मी नाही बिघडलो! ग्राफ बिघडला होता!" आबा लहान पोरासारखे ओरडले.

"क्या बात है भिया!" नातीने इंदुरी थाटात आजोबांना टाळी दिली. शमिकाचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ती म्हणाली, "मीच उगाच घाबरले, बाबा. उद्याची वेळ रद्द करते. आत्ताच फोन लावते."

तिने कार्डासाठी हात पुढे केला. आबांनी कार्ड दिलं नाही. कितीतरी वेळ ते त्या चौरसाकडे बघत बसले.

"नको," ते म्हणाले.

"आता का नको? तुम्हीच तर म्हणत होता..."

"इथे ग्राफ ताणलेला होता, शमिका. ते सिद्ध झालं." त्यांचा आवाज खाली आला. "कृष्णपुऱ्याला कुठला ग्राफ होता? रस्ते सगळे जागच्या जागी होते."

आबांनी कार्ड पुन्हा खिशात ठेवलं आणि थंड झालेला चहा हातात घेतला.

"तू येशील ना बरोबर?"