खाकरून आत

किण्... किण्... स्टीलच्या पेल्यात चमचा फिरला आणि हॉलमधली सकाळची शांतता तडकली. बद्रीनाथनं डोळे उघडले नाहीत. हा चमचा आपल्यासाठी फिरतो आहे हे त्याला न बघताच कळत होतं — आलं, तुळस, दोन मिरे, गूळ; तळाशी बसलेला गूळ विरघळेपर्यंत ती ढवळत राहणार, मग पावलं, मग वाफ, मग ते नेहमीचं — "बाबा, गरम आहे तोवर घ्या." पेल्याच्या काठाखाली नेलपेंटचा लाल ठिपका होता. ओळखू यावा म्हणून. बाकीच्या पेल्यांत मिसळू नये म्हणून. गावाकडं गोठ्याच्या देवळीत असाच एक कप उपडा असायचा, वस्तीवरून कामाला येणाऱ्या माणसासाठी; त्या कपातून चहा पिताना तो माणूस कुठं बघायचा, हे बद्रीनाथला काही केल्या आठवत नव्हतं... आपण कधी बघितलंच नसावं.

"घेतो," तो म्हणाला. भिंतीकडं बघून. सुनेशी बोलताना तो भिंतीशी बोलायचा, नाहीतर नातीशी.

त्याला खोकला झालेला नव्हता. झालाच नव्हता कधी. पंचावन्नी उलटली होती, पण छाती अजून ठणठणीत. नांगराचे बैल वळवताना घातलेली हाळी आजही बांधापलीकडं गेली असती. तो खोकत नव्हता, खाकरत होता. बाहेरून घरात येताना पुरुषमाणसानं उंबऱ्याशी थांबून घसा साफ करायचा — वडील करायचे, चुलते करायचे, लग्न झालं तेव्हापासून तोही करू लागला, कुणी शिकवलं नाही, जसं जेवताना उजवा हात पुढं येतो तसंच ते. आतल्या बाईला पदर सावरायला, पसरलेले पाय आवरायला तेवढी फुरसत मिळावी म्हणून. हसनाबादच्या घराला उंबरा एकच होता, त्यामुळं खाकरणंही बेताचं. इथं जालन्याच्या या फ्लॅटमध्ये उंबरेच नव्हते. स्वयंपाकघराला दार नाही. बैठक कुठं संपते आणि ओटा कुठं सुरू होतो ते फरशीलाही ठाऊक नाही. म्हणून मग फ्रीजपाशी खाकरायचं, बाथरूमच्या वळणावर खाकरायचं, गॅलरीतून आत येताना खाकरायचं. सून मीना घरात तिच्या सैल टी-शर्टात असायची, केस मोकळे, पाय टीपॉयवर. त्याला राग नव्हता त्याचा. खरंच नव्हता. दिवसभर बँकेत लोकांची बोलणी खाऊन आलेली पोर, तिनं स्वतःच्या घरात तरी सैल असावं. त्याला फक्त तिला आवरायला वेळ द्यायचा होता — आणि ती काही आवरतच नव्हती!

पहिल्यांदा तो खाकरला, बायकोचं, द्वारकाबाईचं वर्षश्राद्ध उरकून मुलगा सोमेश्वर त्याला इथं घेऊन आला त्याच संध्याकाळी, तेव्हा मीना पटकन वळली होती. आत गेली नाही. सरळ त्याच्याकडं चालत आली.

"बाबा, खोकला झालाय तुम्हाला?"

न्हाई, म्हणालो असतो तर... तर तिनं विचारलं असतं, मग काय?  म्हणून तो म्हणाला, "थोडा."

एवढ्या एका 'थोडा'वर केवढं रामायण झालं. काढे झाले, वाफारे झाले, डॉक्टर झाला. छातीचा फोटो निघाला, तो स्वच्छ आला, आणि स्वच्छ आला म्हणून मीना जास्तच घाबरली — फोटोत दिसत नाही म्हणजे आत काहीतरी दबा धरून बसलंय. मग नातीची, अर्पिताची गादी त्याच्या शेजारून उचलली गेली. "तुम्हाला बरं वाटेपर्यंतच हं, बाबा," मीना म्हणाली होती, आणि गादीची गुंडाळी करताना तिनं डोळे पुसले होते. हे त्यानं भिंतीकडं बघता बघता बघितलं होतं. पाच वर्षांची अर्पिता. तिला निजताना त्याच्या कानाची पाळी धरून निजायची सवय. आता त्याचा कान सकाळी गार असतो.

सोमेश्वरला तरी आठवायला पाहिजे होतं! तो रायपूरच्या स्टीलच्या कारखान्यात, महिना-महिना तिकडंच, फोनवर म्हणाला, "दाखवून घे मीना, हयगय नको." जन्मभर बापाला उंबऱ्यात खाकरताना ऐकलेलं पोरगं... पण मुलांसाठी तो आवाज कधी नव्हताच. तो बायकांसाठी असायचा. मुलं आईच्या मांडीवर असायची, त्यांच्या कानावरून तो वाऱ्यासारखा जायचा.

काढा अर्धा झाला तेवढ्यात आतून, मीनाच्या खोलीच्या दाराशी, बारीक आवाज आला — "ख्हूं... ख्हूं."

बद्रीनाथचा हात थांबला. मीनाचाही झाडू थांबला असावा, कारण घरात एकदम काहीच ऐकू येईना.

"अर्पू? खोकलीस तू?"

"हो."

"घसा दुखतो?"

क्षणभर विचार झाला. "औषध गोड आहे ना ते गुलाबी? मग दुखतो."

त्यानंतरचं सगळं त्याला भिंतीआडून ऐकू आलं: मीनाचा फोन, पुण्याला, तिच्या आईला. आवाज दबका, तरी प्रत्येक शब्द घरभर फिरणारा. स्वयंपाकघराला दारच नाही तर शब्द अडणार कशानं. "हो, तिलाही सुरू झालाय... नाही गं, त्यांना कसं सांगू, त्यांना वाटेल... तू उद्या येच. सुट्टी संपेपर्यंत राहू दे तुझ्याकडे. नाहीतर जूनमध्येसुद्धा, तिकडच्याच शाळेत... बघू."

सुट्टी संपेपर्यंत. बघू. या 'बघू'पुढं काय असतं ते त्याला ठाऊक होतं. नात इथं म्हणून तो इथं. ती तिकडं गेली की त्यानं इथं कशाला राहायचं — हसनाबादला जायचं, बटईनं दिलेल्या आपल्याच वावराच्या बांधावर पाहुण्यासारखं बसायचं, आणि संध्याकाळी कुलूप काढून...

मीना निघताना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ओढणी नीट, बॅग खांद्याला. "बाबा, आज रजा नाही मिळाली. अर्पूला सांभाळा. फक्त... थोडं लांब बसाल का तिच्यापासून? आजच्या दिवस."

"बसतो की," तो भिंतीला म्हणाला. सांग आता. आताच सांग, बद्रीनाथ, एक वाक्य आहे. पण चप्पल वाजली, लिफ्टचं दार वाजलं.

लांब बसला. अर्पिता खोलीच्या या टोकाला चित्रं रंगवत, तो त्या टोकाला.

"अर्पू, तुला खरंच खोकला आलाय का गं?"

"नाही." तिनं मान वर केली नाही. "आईच्या खोलीत जायचं होतं. तू करतोस तसं केलं."

दुपारी ती झोपल्यावर त्यानं गॅलरीत उभं राहून रामप्रसादला फोन लावला. रामप्रसाद चुलतभाऊ, बटई त्याच्याकडंच.

"दादा! काय म्हणतो तुमचा दमा?"

गावात त्याचा दमा झाला होता तर. "दमा न्हाई रे, येड्या. मी खाकरतो नुसता. घरात सून असती म्हणून."

 पलीकडं रामप्रसाद असा हसला की बद्रीनाथनं मोबाईल कानापासून दूर धरला. "आयला! म्हंजे डॉक्टरनं खाकरण्याचा फोटो काढला का?"

"हासू नको. पोरगी उद्या पुण्याला चालली."

"मंग सांगून टाका की सरळ. डरता कशाला?"

"काय सांगू? तू उघड्या डोक्यानं बसती म्हणून खाकरतो, आसं? ती म्हणंल, हे म्हातारं रोज माझ्याकडं आसं बघून राह्यलं होतं का. जीव जाईल तिचा शरमेनं. अन् माझा बी."

"मंग खाकरू नका बिलकुल."

"न खाकरता आत कसा जाऊ?"

"पायात घुंगरू बांधा, दादा. बैलाला बांधतो तसं. बराबर कळंल, बैल आला." आणि मग, हसू ओसरल्यावर, हळूच: "आमची बी सून गाऊन घालती आता. मी तर दिवसभर वावरातच आसतो. घरी जेवाया जातो फक्त."

फोन ठेवल्यावर तो तसाच कठड्याला टेकून राहिला. खाली उन्हात पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या तोटीतून थेंब गळत होता. सगळं रामप्रसादला सांगितलं, पण एक राहिलंच. सांगण्यासारखं नव्हतं ते. जन्मभर तो खाकरला की बायका आत सरकायच्या. आई मालनबाई सरकायची, भावजया सरकायच्या, द्वारका सरकायची. लग्नाच्या कितीतरी वर्षांनी ती एकदा म्हणाली होती, "तुम्ही खाकरलात की आमचं हसणं चुलीत जातं बघा." तो हसला होता. बाईमाणूस काहीतरी बोलतं. पण हे खरं होतं की त्याच्या आवाजासरशी सगळ्या लांब गेल्या. आणि ही एकटी, परक्या शहरात वाढलेली, त्याच आवाजासरशी जवळ आली. काढा घेऊन. कपाळावर हात ठेवून, एकदा तर. बापाच्या कपाळावर ठेवतात तसा. द्वारका गेल्यापासून कुणी... म्हणून का तू गप्प राहिलास, बद्रीनाथ? शरमेपायी, की काढ्यापायी? खरं सांगितलं की शरम दोघांची, आणि चमच्याचा तो किण्किण् आवाजही बंद. न सांगावं तर पोर जाते. त्याला फार थकल्यासारखं वाटलं. शेतात कधी वाटलं नव्हतं असं. नुसतं उभं राहून आलेला थकवा.

संध्याकाळी लॅच उघडल्याचा आवाज झाला तेव्हा तो आणि अर्पिता गॅलरीतच होते. आत पावलं, बॅग टाकल्याचा आवाज, मग नळ, मग काही नाही. आता. वाक्य त्यानं दुपारभर घोटलं होतं — पोरी, मला रोग नाही, ही आमच्याकडची रीत आहे. भिंतीला नाही, तिला सांगायचं. तो उठला. मागोमाग अर्पिता उठली.

फ्रीजपाशी आला आणि सवयीनं घशात ते वर चढलं, अगदी जिभेच्या मुळाशी. त्यानं ते गिळलं. जड गेलं, घास अडकावा तसं. आणि पुढचं पाऊल टाकलं — आयुष्यात पहिल्यांदा, न सांगता.

मीना ओट्याशी पाठमोरी नव्हती, बाजूला वळलेली होती. सकाळची भाजी कढईतूनच पोळीला लावून उभ्या उभ्या खात होती. डोळे मिटलेले. एक पाय दुसऱ्या पायावर चोळत होती, चावता चावता मध्येच थांबत होती, जणू चावायचंही विसरून जात होती. जवळच्या खुर्चीवर अर्पिताचे फ्रॉक घडी करून ठेवलेले. तोंडावर कुणासाठीही काही नव्हतं. ना हसू, ना काळजी, ना 'बाबा'.

त्याला कळेना, आपण हे काय बघतो आहोत. मग कळलं. घरातल्या बाईचं असं तोंड त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आईचं नाही. पोटच्या लेकराच्या आईचं, इतकी वर्षं एका छपराखाली काढलेल्या द्वारकाचं नाही. त्या सगळ्या त्याला आवरलेल्याच दिसल्या. द्वारका अशीच उभ्यानं खात असेल का? डोळे मिटून? कुणाला माहीत. विचारायला आता कोण आहे... तो आदर होता, असंच तो समजत आला; असेलही आदर. पण ही पोर किती दमली आहे ते पलीकडल्या खोलीत राहून, तिच्या हातचा काढा रोज पिऊन, त्याला माहीत नव्हतं.

वाक्य तोंडात होतं. ते आता पुरेसं वाटेना. पुढं व्हावं तर ती दचकेल, मागं फिरावं तर चोरासारखं होईल. आणि खाकरावं, तर ते तोंड मिटेल, तिथं 'बाबा' येईल, पेला येईल. तो हललाच नाही.

त्याच्या धोतराला खालून ओढ बसली. लांब बसायचं असतं हे विसरून अर्पिता त्याच्या पायाला चिकटली होती, आणि दोघांनी मिळून लपायचं असल्यासारखी अगदी हळू आवाजात विचारत होती —

"आबा, तू खोकलाच नाहीस. मग आता आईला कसं कळणार, आपण आलोय ते?"