जड स्टिअरिंग

आयली कोस्केलाला मूर्ख माणूस ओळखायला फार वेळ लागत नसे. मिशिगनच्या उत्तर टोकाला, सरोवराकाठच्या रस्त्यावर तिने उभी हयात शाळेची बस चालवली होती. पोरं, त्यांचे आईबाप, हेडमास्तर, सगळ्यांचं पाणी तिने जोखलेलं. तिच्या हिशेबी गावात धड माणसं दोनच होती, आणि त्यांतलं एक मागच्या हिवाळ्यात वारलं.

धाकटी बहीण मार्लिस तिच्याबरोबरच राहायची. दोघींत मिळून एक गाडी होती, वडिलांच्या मागे उरलेली. लाल रंग विटलेला, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दारांच्या खालच्या कडा खाऊन टाकलेल्या. त्या उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग जड झालं आणि त्याच उन्हाळ्यात मार्लिसला वेंडल भेटला. आयलीच्या मते बिघाड दोन झाले होते, त्यांतला गाडीचा तेवढा दुरुस्त होण्यासारखा होता.

वेंडल विधुर होता. जन्मभर त्याने गालिचे विकले होते. मार्लिसने नुसतं म्हटलं, "अलीकडे चाक वळवायला दंड भरून येतात," तोच गडी बाह्या सरसावून बॉनेटमध्ये शिरला. फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ चालू, एक डोळा त्यात, एक डोळा इंजिनात.

"तेल कमी झालं असणार," तो म्हणाला. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची बाटली उघडून पाहिली तर तेल खुणेपर्यंत भरलेलं, लालभडक आणि स्वच्छ. फेसाचं नाव नाही.

"मग पंपच गेला."

"असं व्हिडिओतला माणूस म्हणाला का?" आयलीने पायरीवरूनच विचारलं.

"नाही, हा माझा अंदाज."

"वा! गालिच्याखाली पंप असायचे वाटतं तुमच्या दुकानात."

मार्लिसने बहिणीकडे रागाने पाहिलं. वेंडल मात्र हसला. मनापासून हसला, आणि तेच आयलीला सहन झालं नाही. टोमणा मारावा आणि समोरच्याने तो शेंगदाण्यासारखा तोंडात टाकावा, हा कुठला माणूस?

पंप नवा आला. वेंडलने तो दोन दिवस खपून बसवला, कोपरं सोलून घेतली, अंगणात तेल सांडलं. स्टिअरिंग होतं तसंच जड राहिलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं झालेलं माणूस आयलीने यापूर्वीही पाहिलं होतं, पण इतकं पिवळं पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आयलीने चर्चला जायला गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर तिच्या हातांना गाडीचं दुखणं कळलं. चाक सगळीकडे सारखं जड नव्हतं. ते अडायचं, सुटायचं, पुन्हा अडायचं; एका फेऱ्यात दोनदा, दर वेळी त्याच जागी. वळण संपल्यावर चाक आपणहून सरळ व्हायला हवं, तेही होत नव्हतं. पंपाचं दुखणं असतं तर वळवताना घरघर आली असती. हा सांधा होता. चाकापासून खाली उतरणाऱ्या रॉडच्या सांध्यातला लोखंडी क्रॉस मिठाने गंजून आखडला होता. तिच्या बसला एकदा असंच झालं होतं. गॅरेजवाल्याने तेव्हा बजावलं होतं, हे एखाद्या दिवशी वळणात अडकून बसेल.

घरी आली तेव्हा वेंडल स्वयंपाकघरात मार्लिसने भाजलेला वेलचीचा पाव खात बसला होता.

"काही फरक वाटला का हो?" त्याने उत्सुकतेने विचारलं.

तिच्या जिभेवर उत्तर होतं. पण त्याच्या मिशीला साखर लागली होती, आणि तो वडिलांच्या खुर्चीत बसला होता.

"तुम्ही तज्ज्ञ," ती म्हणाली. "शोधा की."

तो शोधत राहिला. पट्टा ताणून पाहिला, टायरमधली हवा मोजली, आता पुढची चाकं वळवणारा रॅकच बदलू म्हणाला. आयली पायरीवर बसून ही करमणूक पाहत होती. असं सुख तिला फार दिवसांत मिळालं नव्हतं.

मग एका दुपारी मार्लिस मासे आणायला धक्क्याकडे निघाली. उतारावरच्या वळणात चाक वळलं आणि तिथेच अडकलं. गाडी रस्ता सोडून चरात उतरली, रस्त्याकडेच्या दोन टपालपेट्या पाडून. मार्लिसचं मनगट मोडलं.

आयली दवाखान्यात पोचली तेव्हा वेंडल पलंगाशी उभा होता, चेहरा पांढराफटक.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "पंप मी बसवला."

आयलीने गप्प बसायला हवं होतं. पण त्या माणसाने चूकसुद्धा चुकीची कबूल करावी, हे तिला पाहवेना.

"पंपाचा काय संबंध?" ती उसळली. "क्रॉस गंजलाय, रॉडमधला. आंधळ्यालासुद्धा हाताने कळेल. मी चर्चला गेले तेव्हाच ओळखलं होतं!"

मार्लिसने उशीवरून मान वळवली.

"तेव्हाच?"

आयलीच्या लक्षात आलं, पण शब्द सुटून गेले होते.

"म्हणजे आज मी किल्ली घेतली तेव्हा तुला ठाऊक होतं," मार्लिस म्हणाली. "तू म्हणालीस, व्हाइटफिश आण. मोठा बघून आण म्हणालीस."

"मला वाटलं, इतक्यात काही—"

"जा, आयली. घरी जा."

मार्लिस दवाखान्यातून परस्पर वेंडलच्या घरी गेली. आयलीने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वेंडलनेच उचलला आणि ओशाळून म्हणाला, ती झोपलीय. भरदुपारी झोपलीय! धड खोटंही बोलता येत नव्हतं त्याला.

काही दिवसांनी तो मार्लिसचे कपडे न्यायला आला, तोही लाल गाडी घेऊन. एक दिवा फुटलेला, पण गाडी चालत होती.

"रॉड बदलला मी," दारातच उभा राहून तो म्हणाला. "पण माझ्या हातांना काही कळत नाही. मार्लिस बसायची आहे यात. तुम्ही एकदा चालवून बघाल?"

आयलीने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला राग नावाची चीज देवाने दिलीच नव्हती की काय? तिने किल्ली जवळजवळ हिसकावलीच. धक्क्यापर्यंत गेली, त्याच वळणावरून उतरली, वर आली. चाक लोण्यासारखं फिरत होतं आणि सोडलं की आपणहून परत येत होतं. नावं ठेवायला जागा हवी म्हणून तिने शोधली, आणि ती सापडली.

"चाक वाकडं बसवलंय," ती उतरत म्हणाली. "गाडी सरळ जातेय आणि चाक डावीकडे बघतंय. गालिचा तरी सरळ अंथरत होतात ना?"

"कसं करू सरळ?"

तिने सांगितलं. सांगताना दोनदा त्याला गाढव म्हणाली. त्याने तिच्यासमोरच ते केलं, हळूहळू, प्रत्येक नट तिला दाखवून.

"मार्लिसला काही निरोप?" कपड्यांची पिशवी उचलत त्याने विचारलं.

आयलीला खूप काही सांगायचं होतं. गालिचेवाल्याच्या तोंडून ते जावं, हे तिच्या जिवावर आलं.

"म्हणावं, मी चालवून बघितलीय," ती म्हणाली.

गाडी गेली. मार्लिसचा फोन त्या दिवशी आला नाही, आणि पुढच्या रविवारी आयली चर्चला पायी गेली.